भुवडकाकांची कॉइल

घटस्थापनेला आठ-दहा दिवस उरले की मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीमागच्या मैदानात बांबूंचा टेम्पो येतो. बांबू खाली टाकल्याचा पोकळ खडखडाट तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो आणि मी हातातलं काम ठेवून उगाच गॅलरीत जाऊन उभा राहतो. बायको आता काही विचारत नाही. मी तरुणपणी गरब्यात बेस गिटार वाजवायचो, त्याची आठवण येत असेल, असं तिला वाटतं. ते खरं आहे, पण अर्धंच.

आता त्या मैदानात वाजवणारी माणसं नसतात. एका टेबलावर लॅपटॉप असतो आणि दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर. खर्जातला आवाज सुरू झाला की आमच्या खिडकीची काच हलते. मी तिच्यावर तळहात ठेवून बघतो. थरथर अगदी स्वच्छ असते, मागे कसलीही घरघर नसते. दर वर्षी मी ती घरघर शोधतो आणि ती नाही म्हणून मला बरंही वाटत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं ते नवरात्र. मिरा रोड तेव्हा अर्धा बांधून झालेला होता. इमारतींच्या मध्ये चिखल होता, आणि पाऊस ओसरला की मिठागरांकडून येणारा वारा ओठांवर खारट लागायचा. गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून आम्ही इथे दोन खोल्यांच्या घरात आलो होतो आणि आईला सगळ्यात मोठा आनंद स्वतःच्या नळाचा होता. नळाला पाणी येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. विजेचा दाब सकाळ-संध्याकाळ इतका उतरायचा की ट्यूबलाइट पेटायला तयार नसे, आणि इमारतींच्या पाण्याच्या मोटरी धडाधड जळायच्या. आमची मोटर जळली तेव्हा सोसायटीत सगळ्यात तरुण म्हणून ती रिक्षात घालून न्यायचं काम माझ्याकडे आलं. भुवडकाका मला भेटले ते असे, जळलेल्या मोटरीमुळे.

भाईंदर पूर्वेला, स्टेशनपासून जरा आत, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा होता. शेजारी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायची यंत्रं किंचाळत असायची. काका रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे, बारीक अंगाचे. पंखे, पंप, मिक्सर, जे जळेल त्यातली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी भरायची, हा त्यांचा धंदा. काकू दाराशी पाटावर बसून जळक्या तारा सोलायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायच्या.

मोटर ठेवताना काकांनी माझा हात पाहिला. "बोटांना काय झालंय रे?"

"गिटार वाजवतो. बेस गिटार. तिच्या तारा जाड असतात."

"विजेवरची? मग त्यात वायंडिंग असणार."

मी हो म्हणालो. खरं तर त्या दिवसांत मला दुसरं काही सुचतच नव्हतं, कारण माझ्या गिटारमधलं तेच वायंडिंग मरायला टेकलं होतं.

बेस गिटार गाण्यात वेगळी अशी ऐकू येत नाही. ती थांबली तर गाण्याखालची जमीन गेल्यासारखं वाटतं, तेवढ्यानेच ती होती हे कळतं. तिच्या चार तारांखाली एक काळी डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वरची तार थरथरली की या फेऱ्यांत किंचितशी वीज जागी होते आणि ती अँप्लिफायरपर्यंत जाते. बोटं आपली, लाकूड आपलं, पण लोकांच्या कानावर पडतं ते त्या डबीने ऐकलेलं. माझी गिटार कलकत्त्याची, तिसऱ्या हातातून आलेली होती. तिची डबी कधी कुजबुजायची, कधी मुकीच व्हायची.

आमच्या वाद्यवृंदाचा प्रमुख जिग्नेश कीबोर्ड वाजवायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला अडलेलं काम आवडायचं नाही. गणपतीत दोनदा माझ्या गिटारचा आवाज गेला तेव्हा तो हसत म्हणाला होता, "छोड़ ना यार, बेस तो मैं लेफ्ट हँड से बजा लूँगा. तू आराम से बैठ, फाफडा खा." सगळे हसले. मीही हसलो. पण मी दिवसभर ऑफिसात आवक-जावक लिहिणारा माणूस होतो. वर्षातल्या त्या नऊ संध्याकाळी मी कोणीतरी असायचो. त्या जाणार, ही भीती मला झोपेतून उठवायची.

पुढच्या रविवारी मी गिटारच घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी डबी उघडली, चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ आत बघत राहिले. "ही तर मोटरच की. फक्त फिरत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मी करून बघू?"

"दुरुस्त?"

"छ्या. नवीन." आणि मग माझ्याकडे न बघता, "तीस वर्षं दुसऱ्याचं जळलेलं भरतोय. आपण असं काही केलंच नाय कधी."

पितृपक्षाचे ते रविवार मला अजून वासासकट आठवतात. गाळ्यात वार्निशचा वास, बाहेर ऑक्टोबरचं पांढरं ऊन, भांड्यांची यंत्रं रविवारी बंद म्हणून पसरलेली शांतता. काकांनी आधी जाड तारेची एक कच्ची कॉइल केली, नुसती जागा ठरवायला. पिकअप तारांखाली कुठे बसतो यावर आवाज बदलतो, हे मी त्यांना सांगितलं होतं. जुन्या रेडिओच्या अँप्लिफायरला ती जोडून काका तारांवर कॉइल धरायचे आणि इंचाइंचाने सरकवायचे. मी एकच सूर वाजवत राहायचो.

"इथं पोटातून येतोय," दांड्याच्या बाजूला ते म्हणायचे. मग दुसऱ्या टोकाला, "इथं नाकातून. सर्दी झाल्यागत."

"मग कुठे लावू या?"

"तू सांग. वाजवणारा तू."

मी म्हटलं, गरब्यात ढोल असतो, तो पोट व्यापतो. अगदी पोटात गेलो तर त्याच्यात बुडेन. काकांनी कॉइल सरकवत सरकवत एका जागी थांबवली. "इथं छाती हाय." त्यांनी पेन्सिलीने लाकडावर रेघ मारली. मी आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक कुणासोबत काही ऐकलं नाही, लग्नानंतरसुद्धा.

काकू दारातून म्हणायच्या, "ऐकलंस का, बाहेरच्या पाटीवर गिटार म्हणून रंगवून घेतलंय ह्यांनी. पंखे, पंप, मिक्सर व गिटार. काल एक बाई विचारत होती, ती छताला लावायची की भिंतीला?"

काका हसायचे नाहीत, पण त्यांचे कान लाल व्हायचे. पाटी खरंच रंगवली होती. बोरिवलीचा एक आणि भाईंदर पश्चिमेचा एक, असे दोन बेसवाले मला म्हणालेही होते की तुझी कशी वाजते बघू, मग आम्हीही करून घेऊ. ते मी काकांना सांगितलं होतं. मी सांगायला नको होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा त्यांचा चेहरा बघायला मला आवडायचं.

खरी कॉइल सात हजार फेऱ्यांची. एवढी बारीक तार यंत्रावर टिकत नव्हती, तुटायची, म्हणून काकांनी हातानेच चाक फिरवून ती भरली. शंभर फेरे झाले की एक चिंचोका वाटीत टाकायचा, अशी त्यांची मोजणी. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. काकूसुद्धा गप्प असायच्या, आणि त्यांना गप्प बसवणारी मला माहीत असलेली ती एकच गोष्ट. सत्तर चिंचोके झाल्यावर काकांनी मेणबत्त्या वितळवून कॉइल त्या मेणात बुडवली, म्हणजे आतले फेरे हलणार नाहीत. तो घटस्थापनेचा आदला दिवस होता.

"रविवारपर्यंत थांबतोस? मी बसवून देतो," काका म्हणाले.

"उद्या पाचला साउंड चेक आहे, काका. वायरींना कथलाचा टाका मारायला काय लागतं? मीच बसवतो."

मी संध्याकाळच्या वर्गात रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट आईने फ्रेम केलं होतं. हे एवढ्यासाठी सांगतो, की मला येत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

घरी अँप्लिफायर नव्हता. कॉइल बसवली, टाके मारले, झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून लवकर निघून मी थेट मैदानात गेलो. काका आधीच आले होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. शेजारी काकू नव्या साडीत. कार्यक्रम संध्याकाळी होता, पण ते साउंड चेकला आले होते.

मी वायर जोडली आणि घरघर सुरू झाली. सूर वाजवायच्या आधीच, दोन्ही स्पीकरांतून, जाड, न थांबणारी. सूर वाजवला तर तो त्या घरघरीत बुडून गेला.

जिग्नेश कीबोर्डवरून ओरडला, "अरे, ये फ्रिज किसने चालू किया?"

ढोलवाला म्हणाला, "फ्रिज नहीं, पानी की मोटर है. भाईसाब मोटरवाले के पास से ही तो लाए हैं!"

मंडप हसला. कनाती बांधणारी माणसंसुद्धा हसली. काका स्टेजपुढच्या दोरीपाशी आले. "अर्थिंग जोडलंयस ना रे?" त्यांनी विचारलं. "तारा जिथं अडकवतात त्या पट्टीखालून एक वायर येते, ती?"

"जोडलीये," मी म्हणालो. बघितलं नव्हतं. जोडली होती असं वाटत होतं.

"जरा त्या पिनीच्या लोखंडाला बोट लाव बघू. आवाज पडला तर अर्थ सुटलाय..."

मला ते ऐकू आलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. जिग्नेश माझ्याकडे बघत होता, त्याचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर होता आणि मला तेवढंच दिसत होतं. मी मोठ्याने म्हणालो, "हाताने बनवलेली कॉइल आहे ना, फेऱ्यांत गडबड झाली असणार. घरगुती काम, दुसरं काय."

ते वाक्य मी हिंदीत बोललो नाही. मराठीत बोललो, म्हणजे जिग्नेशपेक्षा काकांना आधी कळलं.

काकू म्हणाल्या, "चला आता, दिवाबत्तीची वेळ झाली." पाच वाजले होते. उजेड लख्ख होता.

त्या संध्याकाळी बेस जिग्नेशच्या डाव्या हाताने वाजला. पण कार्यक्रमानंतर त्यानेच मला एक पुडकं दिलं. त्याच्या मस्कतच्या भावाने कधीतरी आणलेला परदेशी पिकअप, त्याच्याकडे नुसता पडून होता. "ले, लगा ले. डबल कॉइल है, आवाज ही नहीं करेगा." दोन कॉइली एकमेकींची घरघर खोडतात, असा तो प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी जेवणाच्या टेबलावर गिटार उघडली. काकांची कॉइल काढून बाजूला ठेवली, नवा पिकअप हातात घेतला आणि तेव्हा मला पोकळीच्या कोपऱ्यात ती वायर दिसली. पट्टीखालून येणारी, अर्थची. तिचं टोक मोकळं होतं. मी मारलेला टाका कोरडा होता, नीट बसलाच नव्हता, झाकण लावताना सुटला असणार. त्यामुळेच घरघर होती. किमान बरीचशी त्यामुळेच.

'किमान बरीचशी' हे शब्द मी पुढे खूप वर्षं वापरले. एकेरी कॉइल थोडी गुणगुणतेच, मंडपातल्या दिव्यांच्या माळांजवळ जरा जास्तच. अर्थ नीट असता तरी काकांच्या कॉइलने थोडा आवाज केलाच असता. किती, हे सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' मी उशाला घेऊन झोपत आलो.

त्या दुपारी सांगता आलं असतं. टाके मारायचा कैया तापलेला होता. कॉइल समोर होती. ती परत बसवायला दहा मिनिटं पुरली असती आणि सातच्या कार्यक्रमाला चार तास होते. काल मंडपात जे बोललो ते चुकीचं होतं, एवढं म्हणावं लागलं असतं, बस. मी वायरीचा टाका नीट मारला आणि नवा पिकअप बसवला.

संध्याकाळी घरघरीचं नाव नव्हतं. जिग्नेशने अंगठा दाखवला, "देखा? फॉरेन का माल!" आणि काका आले होते. एकटे. दोरीपलीकडे उभे राहून त्यांनी दोन गाणी ऐकली, माझ्याकडे बघून मान हलवली, आता बरोबर आहे अशी, आणि निघून गेले.

दसऱ्यानंतर मी कॉइल परत द्यायला गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. काकांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. "चाळीस चिंचोके झाले होते तेव्हा एक जण पंप घेऊन आलेला," ते म्हणाले. "मी मान वर केली होती. तिथंच चुकलं असेल."

मी म्हणालो, "असेल."

त्यांनी ब्लेड घेऊन कॉइल उभी चिरली. मेणातली तार परत वापरता येत नाही. तांबं भंगारात गेलं आणि डबी चुंबकासकट कचऱ्यात. पाटीवरचं 'व गिटार' पुढच्या महिन्यात निळ्या रंगाखाली गेलं. बोरिवलीचा आणि भाईंदर पश्चिमेचा असे दोघेही बेसवाले आले नाहीत.

हे एवढंच असतं तर माणूस विसरला असता. पण वर्षभराने आमची मोटर पुन्हा जळली. मी गेलो तेव्हा काका पंख्याची कॉइल भरत होते, आणि पूर्ण झाल्यावर त्यांनी ती सगळी उलगडली व पुन्हा भरायला घेतली. काकू हळूच म्हणाल्या, "आता हे असं चाललंय. दोनदा मोजतात सगळं. गिऱ्हाईक दारात ताटकळतं, पण ह्यांचा भरवसाच नाय बसत." त्यांच्या बोलण्यात मला टोमणा शोधायचा होता. तो नव्हता.

पुढच्या काही वर्षांत कीबोर्ड स्वस्त झाले, ढोलसुद्धा त्यातूनच वाजू लागला आणि आमचा वाद्यवृंद मोडला. जिग्नेशला माझी जागा घ्यावी लागली नाही, ती जागाच राहिली नाही. मी जे वाचवलं ते जेमतेम चार नवरात्रं टिकलं. हे कळल्यावर तरी जायला हवं होतं. तोवर इतका उशीर झालेला होता की उशीर हेच न जाण्याचं कारण झालं. माणूस चूक कबूल करायला घाबरत नाही एवढा, इतकी वर्षं गप्प का राहिलास या प्रश्नाला घाबरतो.

गेल्या वर्षी बांबू पडले त्या दुपारी मी गेलो. काकू आता नाहीत. गाळा कधीच बंद झालाय. काका चेण्याला मुलीकडे राहतात. घोडबंदर रोडवरून आत, मागे डोंगर. ऐंशीच्या घरात आहेत, पण कान शाबूत. मी ओट्यावर त्यांच्यासमोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. सुटलेली वायर, पाचच्या उजेडात बोललेलं ते वाक्य, दुसऱ्या दिवशीची दुपार. त्यांची मुलगी सुनीता चहा घेऊन आली आणि माझा आवाज ऐकून दारातच थांबली.

मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि देवाशपथ, मला त्या हव्या होत्या.

"म्हणजे फेरे बरोबर होते?" त्यांनी विचारलं.

"असणार, काका."

"असणार म्हणजे?"

"घरघर फेऱ्यांची नव्हती. अर्थची होती."

"मग टाका मारल्यावर कशी वाजली ती?"

"कोण?"

"अरे, कॉइल."

मी सुनीताच्या हातातल्या चहाच्या कपाकडे बघितलं. "टाका मारला तेव्हा ती काढलेली होती, काका. मी परत लावलीच नाही."

"म्हणजे तू ऐकली नाहीस?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या डोंगराकडे बघत, रागावून नव्हे, खरोखर विचारावं तसं विचारलं, "मग आता मी काय धरू? बरोबर होती, की चुकली होती?"

सुनीता दारात तशीच उभी होती. काका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मान वळवून ते पुन्हा डोंगराकडे बघायला लागले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.